मदत हवी आहे: दाढीचा फेस एक दिवस बुळबुळीत, दुसऱ्या दिवशी खडूसारखा. चुकतंय कुठे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, अनगोळ भागात राहतो. गेल्या दिवाळीपासून ब्रश, साबण आणि दोन धारांच्या ब्लेडचा जुना रेझर यावर दाढी करतोय. त्याआधी दहा-बारा वर्षं डब्यातला फोम आणि तीन पात्यांचा रेझर होता. गळ्यावर केस आत वळून पुटकुळ्या यायच्या आणि शर्टाची कॉलर घासली की रक्ताचा ठिपका ठरलेला. रेझर बदलल्यापासून तो त्रास जवळजवळ गेला, त्यामुळे मागे फिरायचं नाही हे नक्की. अडलंय ते फेसापाशी, आणि आता दोन महिने झाले, अगदी मेटाकुटीला आलोय.

सामान साधंच आहे. डुकराच्या केसांचा ब्रश, दाढीचा गोल साबण, तो घोळवायला स्टीलची वाटी. ब्लेड चार दाढ्या झाल्या की बदलतो. ब्रश पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवतो, झटकतो, साबणावर तीस सेकंद फिरवतो आणि मग गालावरच फेस काढतो.

चांगल्या दिवशी काय होतं ते सांगतो. फेस चकचकीत होतो, घट्ट लागलेल्या दह्याच्या वरच्या थरासारखा. त्यात मोठे बुडबुडे नसतात. रेझर नुसता टेकवला की आपल्या वजनाने खाली उतरतो आणि कानाला फक्त खुंट कापल्याची बारीक खरखर ऐकू येते. पातं फिरून गेल्यावरही तिथली कातडी बोटाच्या चिमटीत सापडत नाही, इतकी बुळबुळीत राहते.

वाईट दिवशी तोच साबण, तोच ब्रश, तीच तीस सेकंदं, आणि फेस निस्तेज. उजवा गाल होईपर्यंत डावीकडचा वाळून खडूसारखा दिसायला लागतो. जबड्याच्या वळणावर रेझर थबकतो, मग मी दाबतो, मग कापतं. धुतल्यावर कातडी बोटाखाली करकरते आणि वाटीच्या कडेला पांढरट, चिकट थर राहतो.

आतापर्यंत साबण दोनदा बदलला. ब्रश पंधरा मिनिटं भिजवून बघितला. पाणी जास्त गरम घेतलं, तर कातडी आणखी कोरडी झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून साबणात खोबरेलाचे दोन थेंब टाकले, तर होता तो फेसही बसला. ते मात्र कुणी करू नका.

मला रोज एकसारखा, निसरडा फेस हवाय. फार मोठी मागणी नाही ना? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

जुना_वस्तरा, शहापूर:

दादा, आमचं सलून वडिलांपासूनचं आहे, म्हणून लिहितो. तुमचं पाणी कमी पडतंय. नव्वद टक्के लोकांचं इथेच चुकतं. फेस उंच झाला, पांढरा झाला की लोकांना वाटतं झालं काम. त्याला उंची आणते हवा, पण पातं सरकवतं ते पाणी. साबणात पाणी मुरलं नसेल तर फेस डोंगराएवढा असला तरी पातं अडणारच.

आधी ब्रश नीट झटकून साबण भरपूर घ्या. तीस सेकंदं कमी आहेत, तुमच्या गोल साबणाला पाऊण मिनिट द्या. गालावर चिकट लगदा दिसेल, दिसू दे. मग ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडवायची, घोटायचं, परत बुडवायची, परत घोटायचं. असं चार-पाच वेळा. लगदा आधी निस्तेज असतो, एका क्षणी त्यावर चमक येते. तिथे थांबायचं नाही, अजून एकदा टोकं बुडवायची. मी शिकत असताना चमक आली की हात थांबवायचो, तेव्हा वडील मागून म्हणायचे, "सोड की अजून पाणी, घाबरूलालास कशाला?"

थोडा फेस अंगठा आणि बोटात घेऊन चोळून बघा. तार ओढल्यासारखा चिकटला तर पाणी कमी. मोठे बुडबुडे येऊन फुटले, फेस मानेवरून ओघळला, तर जास्त. बोटं एकमेकांवरून निसटली की बरोबर.

मूळ धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. तुमचं वाचून मी औषधाची पाच मिलिलिटरची सिरिंज आणली, अंदाजावर सोडायचं नाही म्हणून. ब्रश झटकून त्यावर साबण घेतला आणि एकेक मिलिलिटर पाणी घालत गेलो. रविवारी बाराव्या मिलिलिटरला चमक आली, चौदाव्याला फेस अगदी हवा तसा झाला. आतापर्यंतची सगळ्यात सुंदर दाढी. आनंदाने कागदावर १४ लिहून आरशाला चिकटवलं.

बुधवारी तेच चौदा मिलिलिटर. फेस फाटल्यासारखा झाला. त्यात बारीक पांढरे कण, चमक नाही, चिकटपणा तसाच. आणखी पाणी घातलं तर नुसता पातळ झाला, बुळबुळीत झाला नाही. म्हणजे पाण्याचं माप हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं काय?

मलप्रभाकाठ, खानापूर तालुका:

माप सांगितलंत, पण पाणी कुठलं ते सांगितलं नाहीत. तुमच्याकडे कार्पोरेशनचा नळ रोज येतो का? आणि येत नाही त्या दिवशी टाकीत काय असतं?

विचारायचं कारण, आमच्या इकडे कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात पागोळीखाली पातेलं लावून धरलेल्या पाण्यात साबण नुसता टेकवला तरी फेस येतो, आणि तो हाताला सुटता सुटत नाही. सासुरवाडी अथणीकडे. तिकडच्या विहिरीच्या पाण्यात तोच साबण, तोच ब्रश घेऊन अर्धी वडी झिजवली तरी हाती काही लागत नाही. मी आता तिकडे जाताना दाढीपुरती बाटली घरून भरून नेतो. बायको हसते, हसू दे.

फळा_आणि_खडू, चिकोडी:

निवृत्त विज्ञान शिक्षक आहे, म्हणून थोडं सविस्तर.

शाळेत आपण दोन शब्द शिकलो होतो, सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. फेन म्हणजे फेस. ज्यात फेस चांगला होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दात आहे.

दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. हे पाण्यात विरघळतात, म्हणून बुळबुळीत लागतात. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की ते या साबणाला धरतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. तुम्हाला दिसले ते पांढरे कण आणि वाटीचा चिकट थर म्हणजे हाच साका. जेवढा साबण साक्यात गेला तेवढा फेसाला कमी पडला, आणि साका स्वतः निसरडा नसतो, उलट कातडीवर ओढ देतो. तुमचं करकरणं त्याचंच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००, २०१२) एकूण कठीणपणा, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणी दाढीला चालेलच असं नाही.

उकळून काही अंशी फरक पडतो. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्यावर खाली बसतो, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तो हाच. पण सल्फेट आणि क्लोराइडचा कठीणपणा उकळून जात नाही. धुण्याचा सोडा टाकला तर पाणी सुफेन होतं, पण तो कपड्यांना ठीक, तोंडाला लावू नये.

घरच्या घरी पडताळा घ्या. दोन सारख्या बाटल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हीत साबणाचा सारखाच कीस टाका, वीस वेळा हलवा आणि ठेवून द्या.

मूळ धागाकर्ता:

गुरुजी, नमस्कार करतो. मलप्रभाकाठ, तुमचा तो एक प्रश्न लाखमोलाचा निघाला.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. राकसकोप जलाशयाचं कार्पोरेशनचं पाणी आलं की गच्चीवरची टाकी भरून घेतो. ते संपलं की त्याच टाकीत बोअर सोडतो. म्हणजे बेसिनच्या एकाच नळातून कधी हे, कधी ते, आणि बरेचदा दोन्ही मिसळलेलं येतं. इतके दिवस मी साबणाला आणि ब्रशला बोल लावत होतो.

बाटल्यांचा पडताळा घेतलाच. आरओच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत फेस, दहा मिनिटांनीही तसाच. बोअरच्या बाटलीत वर बोटभर मळकट साय आणि खाली दुधाळ पाणी. हे हातात धरून स्वयंपाकघरात दाखवायला गेलो तर आई म्हणाली, "ह्यात नवीन काय? बोअरचं पाणी असलं की तूरडाळ पाच शिट्ट्यांनी पण शिजत नाही. नळाच्या पाण्यात तीनच पुरतात. मला कुकरवरनं कळतं टाकीत काय आहे ते."

घरात मोजयंत्र होतंच, मी बघत नव्हतो! मग कॅलेंडरवर पंधरा दिवस दोन खुणा केल्या, डाळ बोटाने चेपली गेली की नाही ती आईची, आणि फेस कसा झाला ती माझी. तेरा दिवस दोन्ही खुणा जुळल्या. न जुळलेल्या दोन दिवसांत टाकी अर्धी-अर्धी होती.

आता रोज रात्री आरओचं एक तांब्याभर पाणी झाकून ठेवतो. ब्रश भिजवायला, फेसाला आणि गाल ओले करायला तेच, शेवटी तोंड धुवायला नळाचं. साबण पाऊण मिनिट, पाणी चौदा मिलिलिटर. आज नववा दिवस, नऊही दिवस फेस सारखा आला. जबड्याचं वळण सलग उतरतंय, गळ्यावर एकही पुटकुळी नाही.

एक शंका उरली आहे. पहिला हात झक्क होतो, पण दुसऱ्या हाताला उलट्या बाजूने न्यायला फेस लावतो तेव्हा गळ्यापाशी किंचित ओढ जाणवते. आणि ब्रशच्या मुळाशी केस चिकटून राठ झालेत. नवा ब्रश घ्यावा का?

जुना_वस्तरा, शहापूर:

घेऊ नका, ब्रश चांगला आहे. गुरुजींनी सांगितलेला साका त्याच्या मुळाशी बसलाय, इतके महिने बोअरचं पाणी पाजलंत ना. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, ब्रशचे केस दहा मिनिटं बुडवा, मूठ बुडवू नका. मग साध्या शाम्पूने धुऊन झटकून उभा वाळवा. दुसऱ्या हाताचं म्हणाल तर पहिला हात झाल्यावर तुम्ही तोंड नळाच्या पाण्याने धुता का? धुवत असाल तर तिथेच ओढ येते. मधे पण तांब्यातलंच पाणी वापरा.

मूळ धागाकर्ता:

हो दादा, मधे नळाखालीच धुवत होतो! आज मधलं धुणंही तांब्यातल्या पाण्याने केलं, गळ्याची ओढ गेली. ब्रश काल व्हिनेगरमध्ये ठेवला तेव्हा वाटीतलं पाणी ताकासारखं झालं. वाळल्यावर केस सुटे झाले आणि मुठीजवळचा तपकिरी रंग दिसायला लागला, तो मी कितीतरी दिवसांत पाहिलाच नव्हता. आता चौदाऐवजी बारा मिलिलिटरलाच फेस जमतोय. आरशावरचा कागद बदललाय.