एअरबॅग आधी की अक्कल आधी? बर्फातल्या गाडीवरून पेटलेला वाद

उद्यमनगरचा_फिटर
मेव्हणा कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात असतो. त्याची एक स्नोमोबाईल आहे. आणखी तीन भाड्यानं घेऊन फेब्रुवारीत आम्ही तिघं कोल्हापूरकर त्याच्याबरोबर तिथल्या आडरानात जाणार. आखलेली वाट नाही, कमरेएवढा भुसभुशीत ताजा बर्फ. गाडी म्हणाल तर 850 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन-सव्वादोनशे किलो वजन, पुढं दोन स्की, मागं चाकाच्या जागी रबरी पट्टा आणि त्याला तीन इंची दात. पट्टा फिरतोय तोवर गाडी तरंगते. थ्रॉटल सोडला की पाणी पाजलेल्या रानात ट्रॅक्टर बसावा तशी बसते. मला हे लई आवडलंय, त्यामुळं "जाऊ नका" सांगायला कुणी येऊ नये.

वाद वेगळाच आहे. आमच्यातला एकजण म्हणतोय, तिघांनी एअरबॅग घेऊ आणि मग कुठंबी गाडी घालू. एअरबॅग म्हणजे पाठीवरच्या सॅकमधली पिशवी, हँडल ओढलं की फुगते. माझं म्हणणं, ते पैसे आधी हिमस्खलनाच्या दोन दिवसांच्या कोर्सला घालायचे. बर्फाचा थर सुटतो तो बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून सपाट जागी राहिलं आणि डोक्यावर तसला उतार नसला, तर हँडल ओढायची पाळीच येत नाही. उतार मोबाईलवरसुद्धा मोजता येतो. बोला.

तांबडा_पांढरा
तो "एकजण" मीच. भावा, मग हेल्मेट तरी कशाला घालतोस? सावकाश चालव की.

एअरबॅगमागं शास्त्र आहे. भडंगाचा डबा हलवून बघ, चुरा तळाला जातो आणि मोठा ऐवज वर येतो. घसरणाऱ्या बर्फातही तेच होतं. पिशवी फुगली की माणूस "मोठा दाणा" होतो आणि वर राहतो. 2014 साली एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात हिमस्खलनात गंभीर सापडलेल्यांतले मृत्यू पिशवी फुगल्यावर शेकडा 22 वरून 11 वर आले. निम्मे! हे सोडून तू मोबाईलवर कोन मोजत बसणार. आणि चढ घालायचाच नसेल तर एवढ्या लांब कशाला जायचं? रंकाळ्याला चार फेऱ्या मारू, भेळ खाऊ, घरी येऊ.

उद्यमनगरचा_फिटर
अभ्यास पूर्ण वाच. त्यातच आहे की पाचातली एक पिशवी फुगलीच नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा माणसानं हँडलच ओढलं नव्हतं. तुझा एक हात थ्रॉटलवर, दुसरा ब्रेकवर, ओढणार कोण? वरून झाडावर आपटलास किंवा घळीत पडून वर ढीग साचला, तर भडंगाचा डबा काय करणार?

बर्फातला_करवीरकर
मूळ शिवाजी पेठेतला, सहा हिवाळे इकडं गाडी चालवतोय. दोघंही अर्धं बोलताय.

स्कीवाला माणूस दमत दमत चढतो, त्याला बर्फ वाचायला वेळ मिळतो. पायाखाली थर बसला की "हुंफ्" असा दबका आवाज येतो, चिरा धावताना दिसतात. आपल्याला इंजिनच्या आवाजात त्यातलं काही ऐकू येत नाही, आणि एका दिवसात दहा-दहा उतार पालथे घालतो. त्यात गाडीचं वजन खोलवरच्या कमकुवत थराला जागं करतं. सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत थर सोडवणारा तो स्वतः किंवा त्याच्याच टोळीतला कुणीतरी असतो.

आमच्याकडचा आवडता खेळ म्हणजे उतारावर कोण उंच जातो, हे बघणं. एकजण वर घालतो, बाकीचे खाली इंजिन बंद करून, हेल्मेट काढून, मोबाईल धरून उभे. ब्रिटिश कोलंबियातच, रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर 13 मार्च 2010 ला असल्याच एका मेळाव्यात दोनेकशे माणसं खाली होती आणि उतार सुटला. दोघं गेले, तीसेक जखमी झाले. त्याच प्रांतात फर्नीजवळ 28 डिसेंबर 2008 ला तर 11 जणांची टोळी होती. पहिल्या लोंढ्यात काही गाडले गेले, बाकीचे त्यांना उकरायला धावले आणि त्यांच्यावर दुसरा आला. आठ गेले. त्या पोरांना धंदा कळत नव्हता असं नाही, डोंगरातलीच होती.

म्हणून उतारावर एका वेळी एकच. बाकीचे लोंढा जिथवर येईल त्याच्या बाहेर, गाडीचं तोंड पळून जायच्या दिशेला, एअरबॅगचं हँडल बाहेर काढलेलं. वर एखादा रुतला तर दुसऱ्यानं मदतीला जायचं नाही, त्याची गाडी त्यानंच काढायची. कोल्हापूरकराला हेच सगळ्यात अवघड जातं, दोस्त अडकला की आपण पळतोच.

पन्हाळा_रोड
मला रोज येणारी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पटते. तिथं 5 पायऱ्या असतात. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, तसंच की.

बर्फातला_करवीरकर
तसंच, आणि माणसंही तशीच. 2019 ला 43 च्या वर पाणी गेल्यावरही पुलावर बघ्यांची गर्दी होतीच की. इकडं 5 आला की सगळे घरात. 3 आला की "मधलाच आहे" म्हणून निघतात, आणि बरेच मृत्यू त्याच पायरीला होतात.

शाहूपुरीची_माहेरवाशीण
"जाऊ नका म्हणू नका" असं आधीच बजावलंय, तरी म्हणते. गाडलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर दहांतले नऊ वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघंच. तुमच्या त्या आडरानात बाहेरची मदत दहा मिनिटांत पोचणार आहे का? म्हणजे उकरणार कोण, तर तुम्हीच. ज्यांना घरच्या कुंडीची माती उकरता येत नाही ते. गुलमर्ग तरी काय सोपं आहे? तिथल्या अफरवट डोंगरावर 1 फेब्रुवारी 2023 ला पोलंडचे दोन स्कीपटू गेलेच ना?

पन्हाळा_रोड
ताई, सियाचीनला 2016 साली धारवाडकडचे हनुमंतप्पा सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत निघाले होते.

शाहूपुरीची_माहेरवाशीण
निघाले, आणि तीन दिवसांत गेले. त्यांच्याबरोबरचे बाकी नऊ जवान तर जिवंत निघालेच नाहीत.

उद्यमनगरचा_फिटर
ताईंचा मुद्दा डोक्यात बसला, म्हणून रविवारी करून बघितलं. मेव्हण्यानं दोन बीकन पाठवलेत. बीकन म्हणजे अंगावर बांधायचं छोटं यंत्र, सगळ्यांचं 457 किलोहर्ट्झवर चालतं. एक संदेश सोडतं, दुसरं त्याला शोधतं. आमच्या रानात ऊस तुटलाय. पाचटाचा डोक्याएवढा ढीग केला, एक बीकन डब्यात घालून धाकट्यानं मधे कुठंतरी पुरलं, आणि मी घड्याळ लावून सुटलो.

पहिले तीन मिनिटं बाण वेड्यासारखा फिरत होता. खिशातला मोबाईल! शोधताना मोबाईल, रिमोटची किल्ली, सगळं बीकनपासून किमान हातभर लांब पाहिजे. पुढं आकडे उतरत गेले, 18, 9, 4, 2.1. तिथं बीकन जमिनीलगत धरून हळू फिरवलं. मग सळई खुपसत गेलो, वीतभर अंतरानं गोल वाढवत, आणि सातव्या मिनिटाला काहीतरी लागलं. वाटलं झालं. पण उकरण्यातच बारा मिनिटं गेली. ती सुद्धा पाचटात, आणि मी थेट वरून खड्डा मारत होतो. उताराच्या खालच्या बाजूनं आडवं शिरायचं असतं, हे मेव्हण्यानं रात्री सांगितलं. एकूण 19 मिनिटं. थांबलेला बर्फ तर म्हणे सिमेंटसारखा होतो. ढिगाखाली तांबडा_पांढरा असता तर?

तांबडा_पांढरा
असता तर एअरबॅगमुळं वरच असता.

बर्फातला_करवीरकर
हसलो. पण 19 मिनिटं म्हणजे नापास. कोर्सला नाव घाला, आणि तो पास झाल्यावर एअरबॅगही घ्या, भांडताय कशाला?

उद्यमनगरचा_फिटर
या रविवारी परत, सकाळी आठला, वडणगेच्या रानात. फावडं ज्याचं त्यानं आणायचं.

तांबडा_पांढरा
येतो. एअरबॅगची ऑर्डर मात्र आज टाकली.