इनक्लाइन आधी की फ्लॅट? छातीच्या व्यायामाचा क्रम बदलावा का?

मांडवीकाठ (पणजी):
सोमवारी संध्याकाळी गोव्यातल्या बहुतेक व्यायामशाळांत फ्लॅट बेंचपाशी (सपाट बाकापाशी) रांग लागलेली असते आणि इनक्लाइन बेंचवर (पाठीची बाजू तिरकी उचललेल्या बाकावर) टॉवेल वाळत असतात. ज्यांना पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या, स्पर्धेत उतरायचे नाही, त्यांनी हा क्रम उलटा करावा, म्हणजे अंगात जोम असताना इनक्लाइन प्रेस (बाकावर पाठ टेकून वजन छातीपासून वर रेटणे) आणि मग फ्लॅट, असे माझे मत आहे. छातीच्या मोठ्या स्नायूचा एक भाग कॉलर बोनपासून निघतो, तर दुसरा आणि आकाराने मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून व बरगड्यांच्या कूर्चांपासून. दोन्ही भाग दंडाच्या हाडाला जवळजवळ एकाच ठिकाणी जाऊन मिळत असले, तरी त्यांच्या तंतूंची दिशा वेगळी असल्यामुळे दंड पुढे आणि वर नेताना वरच्या भागाला अधिक काम पडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांच्या तीन गटांनी आठ आठवडे फक्त फ्लॅट, फक्त इनक्लाइन किंवा दोन्ही मिळून प्रेस केले. इनक्लाइन करणाऱ्या गटात छातीच्या वरच्या भागाची जाडी अधिक वाढली, ताकदीत मात्र तिन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही. मग पहिला मान फ्लॅटला कशासाठी द्यायचा?

लोखंडप्रेमी (म्हापसा):
मांडवीकाठबाब, आपण दिलेला प्रयोग नवख्यांवरचा आहे आणि नवखा माणूस कोणत्याही प्रेसने सुधारतो. बेंच प्रेसच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांवरचा २०१७ सालचा एक अभ्यास असे सांगतो, की इनक्लाइनवर त्यांना फ्लॅटपेक्षा कमी वजन पेलता आले आणि ट्रायसेप्सचे (दंडाच्या मागच्या स्नायूचे) कामही कमी झाले. ज्याला एकंदर रेटण्याची ताकद वाढवायची आहे, त्याने जास्त वजन पेलता येणारी हालचाल थकलेल्या हातांनी का करावी? शिवाय फ्लॅटला निश्चित माप आहे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार बार (वजनाची दांडी) छातीवर स्थिर करावा लागतो आणि पंचांनी ‘प्रेस’ म्हटल्यावरच तो वर न्यायचा असतो. २०२३ पासून कोपर किती खाली यावे, याचाही नियम लागू झाला आहे. इनक्लाइनला असे माप नाही, कारण एका व्यायामशाळेतला बेंच ३० अंशांचा, तर दुसऱ्या व्यायामशाळेतला जवळजवळ खुर्चीसारखा. तिथल्या ६० किलोंची इथल्या ६० किलोंशी तुलना कशी करणार?

फोंड्याचा प्रशिक्षक:
कोनाचा विषय निघाला ते बरे झाले. २०२० सालच्याच आणखी एका अभ्यासात शून्य ते ६० अंशांपर्यंतच्या पाच कोनांवर स्नायूंची विद्युत हालचाल, म्हणजे काम करताना त्यांत उठणारे विद्युत संकेत, मोजली गेली. वरच्या छातीची विद्युत हालचाल ३० अंशांच्या आसपास सर्वाधिक होती आणि ४५ अंशांपुढे खांद्याच्या पुढच्या स्नायूने काम आपल्याकडे घेतले. अर्थात विद्युत हालचाल म्हणजे वाढ नव्हे. मांडवीकाठ यांनी सांगितलेल्या प्रयोगातला बेंच तर सुमारे ४५ अंशांचा होता आणि तरीही त्यात वरची छाती वाढलीच. म्हणून ४५ अंशांचा बेंच निरुपयोगी ठरवण्याची घाई मी करणार नाही, पण त्याहून उभ्या बेंचवर छातीसाठी वेळ घालवू नये.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. वजन वाढू लागले की मुले कंबर उचलतात आणि छाती छताकडे नेतात. बेंच ३० अंशांवरच राहतो, पण छातीचा कोन बराच कमी होतो आणि प्रत्यक्षात फ्लॅटच चाललेले असते. आपल्या पावसाळ्यात घामाने ओल्या झालेल्या रेक्झिनवर पाठ खाली घसरते, तेव्हा तर हे नकळत घडते. म्हणून पाठीखाली कोरडा टॉवेल घालावा, बैठकीची बाजू उचलता येत असल्यास थोडी वर करावी आणि बार छातीच्या वरच्या भागावर, कॉलर बोनच्या थोडा खाली टेकवावा. फ्लॅटप्रमाणे छातीच्या खालच्या अंगाला बार नेला, की वजनाची रेषा खांद्याच्या पुढे जाते आणि मनगट व कोपर तक्रार करू लागतात.

मांडवीकाठ (पणजी):
कोनाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. क्रमाबद्दल मात्र लोखंडप्रेमी यांनी माझा मुद्दा टाळला. जो व्यायाम आधी केला जातो त्यात ताकद अधिक वाढते, हे त्यांनाही ठाऊक आहे. वर्षानुवर्षे फ्लॅटच आधी केल्याने अनेकांची छाती खालून भरलेली आणि कॉलर बोनखाली सपाट दिसते. ज्याला स्पर्धेत पंचांसमोर जायचेच नाही, त्याने पंचांचे माप आपल्या शरीरावर का लादून घ्यावे?

लोखंडप्रेमी (म्हापसा):
सपाटपणाचे सगळे खापर क्रमावर फोडू नका. स्नायूंची ठेवण जन्मजातही असते. आठवड्यातून दोनदा छातीचा व्यायाम करणाऱ्याने एका दिवशी फ्लॅट आधी आणि दुसऱ्या दिवशी इनक्लाइन आधी करावे, इथपर्यंत मी यायला तयार आहे. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याला मात्र मी फ्लॅटच आधी करायला सांगेन, कारण तिथे वजन वाढले की छाती, खांदा आणि ट्रायसेप्स तिघांनाही काम मिळते आणि दर महिन्याला आपण कुठे आहोत हे आकड्यात कळते.

फोंड्याचा प्रशिक्षक:
एकच दिवस असेल तर मी २० ते ३० अंशांवर डंबेल प्रेस (दोन्ही हातांत वेगवेगळी वजने घेऊन) आधी देतो आणि फ्लॅट बार नंतर. डंबेलने कोपरांना मोकळीक मिळते आणि खांदा कुरकुरणाऱ्यांनाही ते बहुधा सोसते. लोखंडप्रेमी यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.