गव्हाणीभोवतीचे तीन राजे आणि ‘अवतार’ हा शब्द

प्रश्न
सोलापुरात आमच्या शेजारी राहणारे ख्रिस्ती कुटुंब दर नाताळात ओसरीवर कडब्याचा गोठा उभारते. त्यात मेंढपाळ, उंटांवरचे तीन राजे आणि मातीच्या गाई एकाच वेळी जमलेल्या असतात. यंदा मी शुभवर्तमाने (बायबलमधील येशूचे चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक व योहान यांची चार पुस्तके) स्वतः वाचली, तेव्हा लूकमध्ये राजे सापडले नाहीत आणि मत्तयमध्ये मेंढपाळ. मग हे सारे एकत्र कसे आले? आणि या जन्माला ख्रिस्ती लोक अवतार मानतात का? शेजाऱ्यांना विचारायला संकोच वाटला, म्हणून येथे लिहीत आहे.

प्रतिसाद १
आपले वाचन अचूक आहे. मार्क व योहान जन्मकथा सांगतच नाहीत. मत्तयाची कथा मरीयेचा पती योसेफ याच्याभोवती फिरते: त्याला पडलेली स्वप्ने, पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी ज्योतिषी), हेरोद राजाचा संशय आणि मिसर देशात (इजिप्तमध्ये) पलायन. लूक मरीयेकडे वळतो. गब्रीएल देवदूताचा निरोप, नावनिशीसाठी बेथलेहेमला जाणे आणि उतारशाळेत जागा नसल्यामुळे बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलेले बाळ त्याच्याकडेच आहे. मागी राजे होते किंवा तीन होते, असे मत्तय कोठेही म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून परंपरेने तीन माणसे मोजली. शिवाय ते गोठ्यात नव्हे, ‘घरात’ गेले असे तो लिहितो, आणि हेरोदाने दोन वर्षांपर्यंतच्या मुलग्यांना मारण्याचा हुकूम दिला हे पाहता जन्मानंतर बराच काळ लोटला असावा. उंट तर कोणीच लिहिलेले नाहीत. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलमध्ये नाही. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच हा जन्म साजरा करते.

प्रतिसाद २
आमच्या घरी आजी याचा हिशेब चोख ठेवीत असे. २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असे, तिच्यात नुसता कडबा. मिस्सा (चर्चमधील उपासना) आटोपून आल्यावरच बाळ ठेवले जाई. राजे मात्र खिडकीच्या कट्ट्यावर. रोज सकाळी ती त्यांना वीतभर पुढे सरकवी आणि ६ जानेवारीला, राजांच्या सणाच्या दिवशी, ते गोठ्याशी पोहोचत. आम्ही मुले घाई करून त्यांना आधीच पोहोचवत असू आणि बोलणी खात असू. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ होतो, हे मला फार उशिरा कळले. ज्वारीच्या मुलखात तो अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद ३
अवताराबद्दल थोडे. समजावण्यासाठी हा शब्द सोयीचा असला, तरी ख्रिस्ती मंडळी ‘देहधारण’ म्हणणे पसंत करतात. अवतार धर्माला ग्लानी येईल तेव्हा पुन्हा पुन्हा होतो. देहधारण मात्र एकदाच झाले, आणि ‘शब्द देही झाला’ या योहानाच्या वचनाप्रमाणे देवाने मानवी देह कायमचा स्वीकारला, अशी त्यांची श्रद्धा आहे. येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, हे इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन येथील धर्मगुरूंच्या परिषदेने ठरवले. म्हणूनच भूक, थकवा आणि मरण त्याच्यासाठी लीला नव्हती, असे ते आग्रहाने सांगतात. आणखी एक गल्लत टाळावी: कुमारी मरीयेच्या पोटी पवित्र आत्म्याने झालेली येशूची गर्भधारणा वेगळी आणि कॅथलिक चर्चने १८५४ मध्ये घोषित केलेला ‘निष्कलंक गर्भसंभव’ वेगळा, तो खुद्द मरीयेविषयी आहे: ती स्वतः आईच्या पोटी आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, असा. शेजाऱ्यांना मात्र जरूर विचारा, नाताळच्या फराळाचे ताट घेऊन ते आपल्याकडे येतीलच.