दहा बाय दहाच्या खोलीत ड्रमसेट: छोटा रॅक कोणता घ्यावा?

वाजवतो_कधीमधी
राम राम मंडळी. सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. त्यात पलंग, आईचं कपाट आणि माझा पाच पीसचा सेट. २२ इंची बेस, त्यावर दोन टॉम, फ्लोअर टॉम, स्नेअर. शिवाय झांजा, म्हणजे हाय-हॅट, दोन क्रॅश, राइड, आणि ऑर्केस्ट्रासाठी ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड). सहा स्टँड म्हणजे अठरा पाय, आणि माझे दोन. रोज कशात तरी अडखळतो.
शक्य तेवढं एका रॅकवर (पाइपांची चौकट, तिलाच सगळं अडकवायचं) घ्यायचं म्हणतोय. बजेट ८,०००, फार ताणलं तर ९. महिन्यातून दोनदा कार्यक्रमाला न्यावा लागतो, त्यामुळे सुटायला हवा.
साउंडप्रूफिंगबद्दल विचारलेलं नाही. शेजाऱ्यांशी वेळा ठरल्या आहेत.

खर्ज
पर्ल कंपनीचा चौकोनी पाइपवाला घ्या आणि मोकळे व्हा. गोल पाइपवर क्लॅम्प (पाइपला आवळायची पकड) आज ना उद्या फिरतो, चौकोनीवर फिरायला जागाच नाही. १९८३ मध्ये अमेरिकन ड्रमर जेफ पोर्कारोला हाताशी धरून पर्लने रॅक काढला, बाकीचे नंतर आले. मी दुबईहून येताना आणला, जादा वजनाचे पैसे भरून. बारा वर्षांत एक नट बदललेला नाही.

वाजवतो_कधीमधी
केवढ्याला पडला?

खर्ज
चांगल्या वस्तूची किंमत विचारू नये. ८ मध्ये येत नाही एवढं सांगतो.

नारायण_पेठी
रॅकचं नंतर बघा. दहा बाय दहामध्ये आवाज घुमणार. आधी भिंतींना जुन्या गाद्या लावा. आमच्या वाड्यात एक जण तबला शिकायचा, त्याचाही त्रास व्हायचा.

वाजवतो_कधीमधी
काका, माझी शेवटची ओळ वाचावी ही विनंती.

जुगाड_भोसरी
विकत कशाला, बनवून घ्या. पण माझ्यासारखं करू नका.
गोल रॅकचे बरेचसे क्लॅम्प दीड इंची पाइपसाठी असतात, म्हणजे बाहेरून ३८.१ मिमी. मी नळाच्या दुकानात ऐटीत ‘दीड इंची द्या’ म्हणालो. जीआय (नळाच्या लोखंडी) पाइपचं ते नाव बाहेरच्या मापाचं नसतं हे तेव्हा कुठे माहीत. घरी व्हर्नियर लावला तर ४८.३. क्लॅम्पचा जबडा अर्ध्यावरच अडकला. मग सव्वा इंची आणला, तो ४२.४. मग हट्टाने एक इंची, तो ३३.७, म्हणजे सैल. त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. पहिल्याच गाण्यात क्रॅश हळूहळू माझ्याकडे वळली आणि नमस्कार करून खाली गेली.
शेवटी जिन्याच्या रेलिंगवाल्याकडे गेलो. स्टेनलेसचा रेलिंग पाइप बाहेरच्या मापाने मिळतो, ३८.१ बरोबर बसला. जाडी १.२ मिमी घेऊ नका, क्लॅम्प आवळला की चेपतो. १.६ तरी हवी. आणि फॅब्रिकेटर मागे लागेल तरी वेल्डिंग करू देऊ नका, कोपरे क्लॅम्पनेच जोडा. नाहीतर ‘सुटणारा रॅक’ टेम्पोतून न्यावा लागतो. (हेही अनुभवानेच.)

खर्ज
चार पाइपांचे पैसे धरले असते तर ओरिजिनल आला असता.

जुगाड_भोसरी
नसता आला. आणि मला दुबईला जायचं नव्हतं.

रेवा_ठेका
रॅक घेतला तरी स्नेअर आणि हाय-हॅट आपापल्या पायांवरच राहणार, शिवाय रॅकला स्वतःचे पाय असतात. दहा बाय दहामध्ये फार काही वाचत नाही.
मी बालगंधर्वला, यशवंतरावला अशीच लावते: टॉम बेसवर. डावीकडे दुहेरी पट्ट्यांच्या पायांचा एकच दणकट स्टँड, त्याला मल्टिक्लॅम्प (एकाच स्टँडवर आणखी दांडे धरणारी पकड), त्यावर क्रॅश आणि ऑक्टापॅड. उजवीकडे तसाच दुसरा, त्यावर राइड आणि दुसरी क्रॅश. सहाचे चार स्टँड झाले, अठराचे बारा पाय. तिन्हीतला एक पाय बूम (झांजेचा तिरका दांडा) जिकडे झुकतो त्याच्या बरोबर खाली आणा, नाहीतर पहिल्या जोरदार मारालाच कलंडतो. उंची ठरली की मेमरी लॉक (तीच उंची पुन्हा मिळावी म्हणून पाइपवर बसणारी कडी) आवळा. नसेल तर पाइपवर नेलपॉलिशची रेघ ओढा. विंगेत दहा मिनिटं मिळतात, तेव्हा ती रेघच कामाला येते.

ताशा_तर्री
+१ रेवा. एक जाड स्टँड, त्याला क्लॅम्प.
अवांतर: आम्ही पथकात ढोल कमरेला बांधून लक्ष्मी रोडला तासन् तास उभे असतो. आमचे पाय दोनच.

नारायण_पेठी
आणि आम्ही तासन् तास कानात कापूस घालून बसतो.

ताशा_तर्री
काका, विसर्जनाला गावाला जावं.

(इथे पथकांवरच्या चोवीस प्रतिक्रिया संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवल्या आहेत.)

वाजवतो_कधीमधी
मूळ विषयावर येऊ का? सेकंडहँडमध्ये एका इलेक्ट्रॉनिक किटचा रॅक दिसतोय, ४,५०० ला. घडी होते, कोपऱ्यात मावतो. कसा वाटतो?

खर्ज
नको.

जुगाड_भोसरी
नको. ते रबरी पॅडच्या वजनासाठी केलेले असतात, क्लॅम्प प्लास्टिकचे. टॉम लटकवलेत की दात झिजतात आणि घसरतात.

रेवा_ठेका
मीही नकोच म्हणेन. घेतलाच तर टॉम आणि राइड त्यावर टाकू नका. ऑक्टापॅड आणि क्रॅश एकाच पाइपवर आले की क्रॅश मारली तरी पॅड वाजतो. पॅडचा थ्रेशोल्ड (किमान किती धक्क्याला वाजायचं ती मर्यादा) थोडा वाढवा, सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा, आणि पाइप व क्लॅम्पच्या मध्ये रबराची पट्टी घाला. पॅडच्या खाली प्लेट लावताना सोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आत घुसून बोर्ड खराब करतो.

ताशा_तर्री
+१. नको.

वाजवतो_कधीमधी
(अठरा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. तोच घेतला, ४,२०० ला.
टॉम बेसवरच ठेवले, राइड जुन्या स्टँडवर. रॅकवर फक्त दोन क्रॅश आणि ऑक्टापॅड. एक क्लॅम्प दुसऱ्याच दिवशी सरकला (जुगाडभाऊ, तोंडात साखर). बोहरी आळीतून यू-बोल्ट आणून तिथे लोखंडाने आवळलाय, आता हलत नाही. फरशीवर सगळंच पुढे सरकत होतं, म्हणून खाली सतरंजी घातली आणि तिचं एक टोक माझ्या स्टुलाखाली दाबलं. पॅड क्रॅशबरोबर वाजायचा, थ्रेशोल्डने थांबला. कार्यक्रमाला अजून नेलेला नाही.
एकच घोळ झालाय. कपाटाचं डावं दार आता उघडत नाही, आणि आईच्या साड्या त्याच बाजूला आहेत. दसऱ्यापर्यंत वेळ आहे.

खर्ज
चौकोनी घेतला असता तर

नारायण_पेठी
कपाट शेजारच्यांच्या भिंतीला लावा. साड्यांनी आवाज कमी जातो.