मदत हवी आहे: १ लाख १८ हजार किमी चाललेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊ का?

मंडळी, रविवारी टोकन द्यायचंय म्हणून घाईत विचारतोय. रत्नागिरीत मिऱ्याजवळ २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस बघितली, २.० टर्बो पेट्रोल, २३० पीएस, आणि हातखंब्याच्या चढावर अशी काय खेचते की मन बसलं तिच्यावर. पण गाडी तीन पावसाळे समुद्राच्या तोंडावर उघड्यावर उभी होती. टॉर्च मारून खाली बघितलं तर सबफ्रेमच्या (इंजिन-सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) बोल्टांना गंज, नखाने खरवडलं तर पापुद्रा हातात आला, ब्रेक पाइपच्या क्लिपांजवळपण तसंच. हे वरवरचं आहे की आतून खाल्लंय ते कसं ओळखायचं? मला सगळ्यात भीती याचीच आहे, इंजिनाचं काम करता येतं पण खारा वारा शिरला की तो काढता येत नाही.

दुसरं म्हणजे डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ६ स्पीड वेट क्लचवाला (क्लच तेलात चालतो तो). त्याचं ऑइल-फिल्टर साधारण ६० हजार किमीला बदलतात ना, मालकाकडे बिल फक्त इंजिन ऑइलचं. पहिल्या-दुसऱ्या गिअरला हलका धक्का बसतो. शिवाय सकाळी थंड असताना स्टार्ट केली की दोन सेकंद खरखर, इंजिनातल्या टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) असेल का?

लिफ्टवर घेऊन, स्कॅनर लावून नीट बघणारा मेकॅनिक माहीत असेल तर प्लीज सांगा, आंबा घाट चढून कोल्हापूरला न्यायचीपण तयारी आहे.