भुईमुगाचे पूर्वज : रायबोसोमल डीएनएच्या ठिपक्यांवर किती भिस्त ठेवावी?

मूलाग्र : एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी भुईमुगाच्या उगमाविषयी वाचत आहे. अर्जेंटिनातील सेइजो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फिश तंत्राने (गुणसूत्रावरील जनुकाची जागा चमकत्या ठिपक्याच्या रूपात दाखवणारी पद्धत) अ‍ॅरॅकिस ड्युरानेन्सिस आणि अ‍ॅरॅकिस इपाएन्सिस या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) रानजाती भुईमुगाच्या पूर्वज असल्याचे मांडले. ४५एस या रायबोसोमल जनुकांच्या (प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची जनुके) जागा पहिलीत दोन जोड्या, दुसरीत तीन, आणि चाळीस गुणसूत्रांच्या भुईमुगात पाच आढळतात. पण दोन अधिक तीन ही बेरीज योगायोगानेही जुळू शकते. एवढ्यावरून नाते ठरवणे योग्य आहे का?

जुना पेशीशास्त्री : नुसत्या बेरजेवरून नाही, आणि त्यांनीही तसे केलेले नाही. संख्येपेक्षा जागा महत्त्वाची आहे: ठिपका कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या भुजेवर आणि गुणसूत्रबिंदूपासून किती अंतरावर आहे, हे पाहावे लागते. इपाएन्सिसमध्ये ५एस (रायबोसोमल जनुकांचा दुसरा प्रकार) आणि ४५एसची एक जागा एकाच गुणसूत्रावर आहे, आणि भुईमुगाच्या बी संचातही तशीच जोडी सापडते (भुईमुगाची गुणसूत्रे ए आणि बी अशा, एकेका पूर्वजाकडून आलेल्या दोन गटांत मोडतात). शिवाय डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने रंगवल्यावर ए संचाच्या गुणसूत्रांवर गुणसूत्रबिंदूपाशी ठळक पट्टे उमटतात, बी संचावर नाहीत. एकेकाळी दुसरा पूर्वज म्हणून बटिझोकोई या जातीचे नाव घेतले जाई. पण तिच्या गुणसूत्रांवर असे पट्टे आहेत, त्यामुळे ती बाद होते. माझ्या मते या अभ्यासाचे खरे बळ इतर जाती अशा गळण्यात आहे.

मूलाग्र : आभारी आहे, सर. मात्र मी रुप्याच्या नायट्रेटने रंगवलेल्या स्लाइडवर जागांची एकच जोडी दिसली. माझ्याकडून चूक झाली असावी का?

जुना पेशीशास्त्री : चूक नसावी. रुप्याचा रंग केवळ कार्यरत जागांवर चढतो. संकरोद्भव चतुर्गुणितांत (भुईमुगासारख्या, दोन जातींच्या संकरातून आलेल्या चार संचांच्या जातींत) अनेकदा एका पूर्वजाची रायबोसोमल जनुके दुसऱ्याची गप्प करतात, आणि भुईमुगात उपग्रह (गुणसूत्राच्या टोकाशी बारीक धाग्याने जोडलेला तुकडा) धारण करणारी एकच ए जोडी ठळक दिसते. जागा मोजायच्या असतील तर फिशच करा. मुळांची टोके फिल्टर पेपरवर अंकुरलेल्या दाण्यांची घ्या. गुणसूत्रे जेमतेम काही मायक्रोमीटर लांबीची असतात, त्यामुळे पेशीद्रव्य नीट निघाले नाही तर शेजारचे दोन ठिपके एकच वाटतात. माझी पहिली गणना अशीच एका जागेने कमी भरली होती, आणि ती मी मार्गदर्शकांना आत्मविश्वासाने दाखवलीही होती.

रानवाल : एक पुरवणी जोडतो. ठिपक्यांची जागा आणि जनुकांमधील अंतरातील क्रम, म्हणजे आयटीएस, हे दोन वेगळे पुरावे आहेत. त्यांची गल्लत करू नये. या जनुकांच्या शेकडो-हजारो प्रती एकमेकींसारख्या होत जातात, त्यामुळे चतुर्गुणितात एका पूर्वजाचा क्रम पुसला जाऊ शकतो. कापसाच्या चतुर्गुणित जातींत काहींमध्ये एका पूर्वजाचा क्रम टिकला, तर काहींमध्ये दुसऱ्याचा, असे १९९५ मध्ये दिसून आले. म्हणून केवळ आयटीएसवर काढलेला वंशवृक्ष संकरित जातीला दोनपैकी एकाच पूर्वजाच्या पदरात टाकतो. भुईमुगाच्या बाबतीत ठिपक्यांचा निष्कर्ष पुढे टिकला: २०१६ मध्ये दोन्ही रानजातींचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा इपाएन्सिसचा संच भुईमुगाच्या बी संचाशी जवळजवळ अक्षरशः जुळला. प्रबंधात तुमचे ठिपके आणि हे वाचन शेजारी-शेजारी मांडा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.