मदत हवी आहे: टाकळ्यातील फिनॉलिक घटकांचे आकडे जुळत नाहीत

पाऊसपाने: नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी टाकळा, कुरडू आणि भारंगी या रानभाज्यांतील एकूण फिनॉलिक घटक (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगे) मोजत आहे. भाज्या दादरच्या बाजारातून, पालघरकडून येणाऱ्या बायकांकडून घेते. फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने (यात फोलिन अभिकर्मक या घटकांशी अभिक्रिया करून निळा रंग देतो आणि तो रंग मोजतात) मोजताना टाकळ्याच्या एकाच भुकटीचा आकडा एका आठवड्यात एक येतो, तर पुढच्या आठवड्यात बराच कमी येतो. काही नळ्यांत निळ्या रंगाबरोबर गढूळपणाही दिसतो. तुलनेसाठी वापरलेल्या गॅलिक आम्लाचा प्रमाण आलेख मात्र सरळ रेषेत येतो. अहवाल महिनाअखेरीस द्यायचा आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

क्षारआम्ल: विद्रावक कोणता, पाने ताजी की वाळवलेली, अर्क किती घेतला आणि सोडियम कार्बोनेट केव्हा घातले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर कोणीही केवळ अंदाजच बांधू शकेल.

रानवाट: त्याआधी वनस्पतीची ओळख पक्की करून घ्यावी. टाकळा आणि त्याच्याच कुळातील कासविंदा यांची कोवळी रोपे जुडीत शेजारी-शेजारी बांधली गेली, तर सहज लक्षात येत नाही. धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना दाखवून घ्यावा. त्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

पाऊसपाने: ओळख पटवून घेईन, पण माझा प्रश्न मोजणीचा आहे. पाने सावलीत वाळवली, भुकटी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि अर्क ८० टक्के मेथॅनॉलमध्ये रात्रभर काढला. नळीत अर्क १ मिलिलिटर घेते आणि कार्बोनेट अभिकर्मकाबरोबरच घालते.

जुनीप्रयोगशाळा: आता उलगडा होतो. मुंबईत जुलै महिन्यात सावलीत पाने वाळत नाहीत, ती नुसती मलूल होऊन पडतात. देठाजवळचा भाग आधी काळपट पडतो, कारण चिरडलेल्या पेशींतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने त्याच घटकांचा नाश करत असते, जे आपल्याला मोजायचे आहेत. पाने आणताक्षणी धुऊन, पुसून, ४० अंशांच्या हवा फिरणाऱ्या ओव्हनमध्ये पातळ थरात वाळवावीत. गोठवून वाळवण्याची सोय असेल तर अधिक उत्तम. भुकटी हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून ती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात) ठेवावी, दर वेळी १०५ अंशांवर ओलावा मोजावा आणि आकडा शुष्क वजनावर सांगावा.

गढूळपणाचे कारण वेगळे असावे. मेथॅनॉलचे प्रमाण जास्त झाले की कार्बोनेट नीट विरघळत नाही, म्हणून अर्क कमी घ्यावा. शिवाय अभिकर्मक क्षारीय द्रावणात टिकत नाही. तो आधी घालून, काही मिनिटे थांबून मगच कार्बोनेट घालावे. अभिकर्मक पिवळा असावा. त्याला हिरवट छटा आली असेल तर तो वापरू नये. वाचन ७६५ नॅनोमीटरवर, सर्व नळ्यांना सारखाच वेळ देऊन घ्यावे.

स्तंभकार: मुळात ही पद्धतच सोडावी. जीवनसत्त्व क, शर्करा, प्रथिने सगळीच फोलिनशी अभिक्रिया करतात. सी-१८ स्तंभावर एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) करून २८०, ३२० आणि ३६० नॅनोमीटरवर पाहिले की फिनॉलिक आम्ले आणि फ्लेव्होनॉल हे फिनॉलिक घटकांचे गट वेगवेगळे दिसतात.

जुनीप्रयोगशाळा: नमुना वाळवतानाच काळवंडला असेल तर एचपीएलसी त्या नष्ट झालेल्या घटकांना परत आणणार नाही. आपला आक्षेप योग्य आहे, पण तो मोजणीच्या पुढच्या पायरीचा आहे.

चुलीवर: टाकळा आपल्याकडे बहुधा उकडून, पाणी पिळून करतात आणि त्या पाण्यात फिनॉलिक घटकांचा मोठा भाग निघून जातो. कच्च्या पानांबरोबर शिजवलेल्या भाजीचीही मोजणी केल्यास खाणाऱ्याला प्रत्यक्ष काय मिळते ते कळेल.

पाऊसपाने: नवा टाकळा आणून ओव्हनमध्ये वाळवते आणि कार्बोनेट वेगळे घालते. भारंगीच्या पानांचा हिरवा रंग ७६५ वर अडथळा आणतो का, की आधी हेक्झेन या विद्रावकाने धुऊन तो काढावा?

क्षारआम्ल: हरितद्रव्याचे शोषण मुख्यतः ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास असते, तरी अर्काचा स्वतःचा ब्लँक (फोलिन अभिकर्मक न घातलेली अर्काची नळी) घेऊन त्याचे वाचन वजा करावे. हेक्झेनने धुण्याचा विचार त्यानंतर करावा.